नमस्कारात न पडणारं हत्यार

बाबांनी अट घातली तेव्हा त्यांना वाटलं होतं की मी तिथंच गार पडेन. "जा की नोकरीला. पण हत्यार जवळ बाळगलं पाहिजे, आणि ते जगात कुणाला कळता कामा नये." एवढं बोलून त्यांनी पानाला चुना लावायला घेतला. वकील माणूस. अशिलाला नाही म्हणायचं असलं की ते असंच हो म्हणत.

नोकरी होती परभणी जिल्ह्यातल्या मुलींच्या शाळा तपासण्याची. त्या वर्षी आमच्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. तेलुगू मुलूख आंध्राकडे, कानडी म्हैसूरकडे, मराठी मुंबईकडे. कचेऱ्यांतली टेबलं, कपाटं आणि कारकून, सगळ्यांची वाटणी चालली होती. मराठी शिकलेल्या बाया खात्यात कमी, म्हणून मला विचारणा झाली. मी तेव्हा काचीगुड्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझं लग्न ठरत नव्हतं आणि ते ठरत नसल्याचं दुःख माझ्याखेरीज सगळ्या नातेवाइकांना होतं. मला जायचं होतं. कधी मोटारीनं, कधी बैलगाडीनं, एक चपराशी सोबत घेऊन गावोगाव फिरायचं होतं.

पोलीस ॲक्शनच्या आधीचे लुटालुटीचे दिवस बाबांच्या मनातून गेले नव्हते. गावं सोडून आलेल्या बायका त्यांनी आमच्याच ओसरीवर लेकरं पोटाशी धरून बसलेल्या पाहिल्या होत्या. त्यांची भीती खरी होती, ते मी नाकारत नाही. पण अटीमागे नुसती भीती नव्हती, हे कळायला मला दसरा उजाडावा लागला.

मी ती अट शब्दशः धरली. त्यांच्याच ओळखीनं लायसन काढवून घेतलं. सही करताना साहेबांनी मान वर न करता विचारलं, "वकीलसाब, बिटिया शिकार खेलती क्या?"

"हौ," बाबा म्हणाले, "हमारी."

आबिड्सला एक बंदुकांचं दुकान होतं. तेव्हाचं आबिड्स सायकलरिक्षांचं आणि मोठ्या झाडांचं. रस्ता ओलांडता ओलांडता ओळखीच्या माणसाशी बोलता यायचं. दुकानाचे मालक म्हातारे, अदबशीर, आणि बाईमाणसाला काय आवडतं याबद्दल त्यांचं मत पक्कं. त्यांनी मखमलीच्या डबीतून एक इवलंसं पिस्तूल काढलं. मुठीला शिंपल्याचं काम.

"ये देखो बीबी, खास ज़नाना चीज़ है. बटुवे में समा जाती."

आई एकदम हरखली. मी ते हातात घेतलं. वरचा पोलादी भाग मागे ओढल्याशिवाय गोळी नळीत चढत नाही म्हणे. मी ओढला, दात-ओठ खाऊन ओढला, पण आतली स्प्रिंग काही दाद देईना. "चोराला जरा वेळ थांबायला सांगावं लागेल," मी म्हटलं. मग त्यांनी एक फौजी रिव्हॉल्व्हर पुढं ठेवलं. हे कमरेला लावलं तर परकर गुडघ्याशी येईल असं आईचं म्हणणं पडलं, तेही भर दुकानात, मोठ्यानं. बाबा रस्त्यावरच्या रिक्षा बघू लागले.

त्या दुकानात आम्ही इतक्या फेऱ्या मारल्या की पुढं पुढं न सांगता चहा यायचा. आई तर पातळांच्या दुकानात आल्यासारखी "नवीन काय आलंय?" म्हणून विचारायची. मी मजेत होते. रिकामं रिव्हॉल्व्हर कधी पदराखालून काढून बघायचं, कधी निऱ्यांच्या बाजूनं. तिथं एक गोष्ट लक्षात आली. मागचा टोकदार घोडा, म्हणजे गोळीवर आपटतो तो भाग, दर वेळी पदराच्या काठात अडकायचा. समोर दरोडेखोर उभा आणि आपण धागा सोडवत बसलोय! हे कुठल्या फौजदाराला सुचायचं नाही, कारण फौजदार पातळ नेसत नाही.

शेवटी एक काळं, ठेंगणं, आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर निघालं. त्याचा घोडा आत झाकलेला होता, अडकण्यासारखं वर काहीच नाही. चाप जड, पण माझ्या बोटाला झेपणारा. दिसायला सामान्य, आमच्या घराण्याला शोभेलसं. मी म्हटलं, हेच. मालक जरा हिरमुसले. बाबांनी मात्र खोड्या काढायला सुरुवात केली. मूठ बारीक आहे, नळी आखूड आहे, रंग उडालाय. आधीच्या प्रत्येकालाही त्यांनी अशीच नावं ठेवली होती.

"नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं," आई पुटपुटली. मी मालकांना "बांधा" म्हणाले आणि त्यांनी ते बांधलं.

आता हे ठेवायचं कुठं? प्रवासाला निघताना आमच्याकडच्या बायका पैसे-दागिन्यांसाठी कमरेला आतून कापडी कसा बांधत. आईनं जाड कापडाचा तसाच कसा शिवला, फक्त खिसा हत्याराच्या मापाचा. शिंप्याकडे देण्याची सोयच नव्हती. मग घरात सराव सुरू झाला. पाटावर जेवायला बसून पाहिलं, माळ्यावरचा डबा काढून पाहिला, जिना चढून-उतरून पाहिलं. सगळं जमलं. एकच गोष्ट आम्ही तिघंही विसरलो. ती इतकी अंगवळणी पडलेली की आपण ती करतो हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं.

दसऱ्याला सोनं द्यायला आम्ही मामांकडे सिकंदराबादला गेलो. मामा रेल्वेत होते. मी मुद्दाम कसा बांधून गेले. गोळ्या बाबांच्या कपाटात कुलपात होत्या. मामांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि नमस्काराला वाकले.

ठण्ण!

शहाबादी फरशीवर, मामांच्या पायाच्या अंगठ्याशेजारी माझं गुपित पडलं होतं. मामी हातात वाटी धरून तशाच उभ्या. मामांनी आधी अंगठा जागेवर असल्याची खात्री करून घेतली आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"हत्यार आणलंस पूजेला? शाबास!"

दसऱ्याची शस्त्रपूजा. मामांच्या पाटावर सकाळपासून एक अडकित्ता आणि रेल्वेचा हातोडा एवढीच शस्त्रं होती आणि त्याची त्यांना लाज वाटत असावी. त्यांनी माझं रिव्हॉल्व्हर मधोमध मांडलं, हळदकुंकू वाहिलं, नळीत झेंडूचं फूल खोचलं आणि शेजाऱ्यांना हाका मारल्या. सगळी चाळ दर्शनाला आली. एका आजोबांनी तर त्याला साष्टांग नमस्कार घातला.

रिक्षानं घरी आलो. दार लावून घेतल्यावर बाबा म्हणाले, "जगाला कळू नये म्हटलं होतं. तू आरती करवून आणलीस. संपलं. जाणं रद्द, तसं कळवून टाक."

मला हसू येत होतं ते आतल्या आत जिरलं. राज्याची वाटणी तोंडावर आली होती. आता नाही म्हटलं असतं तर पुन्हा कुणी विचारलं नसतं, आणि मी काचीगुड्यातच शिकवता शिकवता म्हातारी झाले असते. बाबा धोतराच्या सोग्यानं हत्यारावरचं कुंकू पुसत होते. किती वेळ पुसत होते.

"बाबा," मी म्हटलं, "हे पडलं म्हणून चिडायलात, का मी जायलेय म्हणून?"

त्यांचा हात थांबला. "आज परभणी आपल्या राज्यात आहे," ते म्हणाले. "दिवाळीनंतर नसंल. माझी पोरगी परराज्यात. इथं माझी उर्दूतली वकिली संपत आली, तिथं मला कोण विचारतं? ज्याला त्याला कुठं ना कुठं जायचंय. तू तरी राहशील वाटलं होतं." मग हातातल्या हत्याराकडे बघत म्हणाले, "हे चांगलंच होतं गं. पहिल्या दिवशीचं शिंपल्याचं सोडलं तर सगळीच चांगली होती."

मला रडू आलं आणि रागही आला. इतके दिवस मी हत्यार निवडत होते आणि हे मला ठेवून घेत होते. मी म्हणाले, "नको म्हणायचं तर सरळ नको म्हणा बाबा. मी नाही जाणार. पण अट नको." ते काही नको म्हणेनात.

"कसा इकडं आण," आई मधेच म्हणाली. "तोंड उघडं ठेवलं हीच चूक. झाकण लावते, अन् बाजू बदलते." ती कात्री घेऊन बसलीसुद्धा. तिला जवळचं दिसत नसे, दोरा नेहमी मीच ओवून द्यायची. ती सुई धरून नुसतीच बसल्यावर बाबा उठले, त्यांनी चष्मा लावला आणि सुईत दोरा ओवून दिला. त्यानंतर जाण्याबद्दल आमच्या घरात चर्चा झाली नाही.

कसा तयार झाल्यावर मी त्या दोघांना वाकून वाकून नमस्कार करत सुटले. आईचे सगळे आशीर्वाद संपले, शेवटी ती नुसतंच "बस गं बाई" म्हणू लागली. कसा जागचा हलला नाही.

त्या रिव्हॉल्व्हरमधून मी नोकरीच्या साऱ्या वर्षांत एकही गोळी झाडली नाही. पुढं ते सरकारजमा केलं. कसा मात्र माझ्याजवळ आहे. आता मी कुकटपल्लीला भाचीकडे असते. तिच्या मुलीनं परवा पर्समध्ये ठेवायला मिरचीचा फवारा घेतला, फोनवर बोट फिरवून, एका मिनिटात. मी तिला विचारलं, नमस्कार करताना पडत नाही ना? तिला माझा प्रश्न कळला नाही, आणि कळावा असं मला वाटलंही नाही.

मी परभणीला निघाले ती गाडी काचीगुड्याहूनच सुटायची. आईनं ओटी भरली. मी बाबांसमोर वाकू लागले तर त्यांनी माझे दंड धरले.

"वाकू नको. पडंल."

"नाही पडत आता. दोरा तुम्ही ओवलाय."

"तरी नको."

वयात आलेल्या मुलीला वडलांनी जवळ घ्यायची आमच्याकडे पद्धत नव्हती. बाबांनी मला जवळ घेतलं, सगळ्या फलाटादेखत. कमरेचं लोखंड आम्हा दोघांच्या मधे आलं होतं.

"टोचायलंय गं," ते म्हणाले.

"हौ," मी म्हणाले.

गार्डानं शिट्टी दिली, तरी दोघांतलं कुणी बाजूला झालं नाही.