ओहोटीपर्यंत थांबायला हवं होतं

दारूबंदीच्या काळात मी रेवदंड्याच्या बाजूला पोलीस शिपाई होतो. एका कोळ्याने कोयता घेऊन स्वतःला घरात कोंडून घेतल्याची खबर आली. भाऊ बुडाल्यापासून तो भ्रमिष्ट झाला होता. भरतीला दर्या घरात शिरेल, या भीतीने त्याने दाराआड जाळी रचली होती, असं त्याची बायको सांगत होती.

"दादा, ओहोट लागू द्या. पानी मागं गेला का त्यो आपनच दार उघरतो. रोजचा हाय."

ओहोटीबरोबर होड्या खाडीबाहेर पडतात, हे मला ठाऊक होतं. आत दारूचे डबे असणार आणि बाई वेळ काढतेय, असा मला संशय आला.

"तोवर माल होडीत चढवशील," मी म्हणालो.

"माल? घरान मीठ न्हाय, दादा."

ऐन भरतीत आम्ही दार फोडलं. आत जाळ्यांखेरीज काहीच नव्हतं. कोयता उगारून तो माझ्या अंगावर आला, असं मी साहेबांना सांगितलं. त्यावरून त्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं. तो परत आला नाही.

कोयता जमिनीवर पडलेला होता. तो धावला खरा, पण माझ्यामागच्या फुटक्या दाराकडे, पाणी अडवायला.