खगेनच्या चार चकत्या

जादूच्या खेळात बाई हवेत तरंगू लागली की सगळे बाईकडेच बघतात. बघावंच. दोराकडे बघणाऱ्यांना आम्ही तिकीटच दिलं नसतं. तिकीटखिडकी माझ्याकडे होती, म्हणून सांगतो.

भूपेशबाबूंच्या कंपनीत शेफाली तरंगायची आणि काळ्या पडद्यामागे खगेन मैती तिला तरंगवायचा. खगेन म्हणजे पक्ष्यांचा राजा. आमच्या राजाला शिडीच्या चौथ्या पायरीवर घेरी यायची. ना बायको, ना पोर. कोलकात्याला खोली होती, तिच्यात तो पावसाळ्यापुरता राहायचा.

त्याचं काम असं. शेफाली फळीवर आडवी झाली की दोराच्या दुसऱ्या टोकाला अर्ध्या-अर्ध्या किलोच्या लोखंडी चकत्या अडकवायच्या. दोन्ही बाजू जुळल्या की दोन बोटांनी माणूस वर जातो. हे रोज, पडदा उघडायच्या आधी. आणि भूपेशबाबूंचा दंडक होता, बाई फळीवर आडवी झाल्यापासून मागे कुणी ब्र काढायचा नाही. खेळ संपला की ती बायकांच्या खोलीत, हा दोर गुंडाळत. अठरा वर्षं रोज भेट आणि बोलणं जवळजवळ नाहीच.

पण खगेनला सगळं कळायचं. दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर दोन चकत्या जास्त, म्हणजे माहेरी संदेश-मिठाई झाली. तिची आई गेली तेव्हा सहा कमी. सांत्वनाला सगळी कंपनी गेली. खगेन दाराशी उभा राहून परत आला.

त्या हिवाळ्यात कृष्णनगरला मुक्काम होता. आठ दिवसांत चार चकत्या निघाल्या. भूपेशबाबू खूष. "शेफाली, झकास! अशीच राहा!" खगेन मात्र खिडकीशी येऊन मला म्हणाला, "दादा, पोरगी आजारी आहे."

"मग विचार की तिला."

"मी? काय म्हणून?"



पाचवी चकती काढताना त्याचा हात थांबला. पडद्यापलीकडे लोक खुर्च्या ओढत होते. खगेनने अठरा वर्षांचा दंडक मोडला.

"जेवत नाहीस का गं?"

शेफालीने डोळे उघडले नाहीत. "लोखंड कुणी मागवलं, खगेनदा?"

"कसलं लोखंड?"

"नव्या चकत्या! कंपनीचे मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडले, शेफालीसाठी आणखी लोखंड आलंय म्हणून. आता नवी पोरगी शोधतील. मला दुसरं येतं काय? झोपता येतं फक्त!"

"अगं, त्या साडीसाठी होत्या!" खगेन हबकला. "बाबूंनी नवी जरीची दिली ना? अडीच किलोची आहे ती! तू तेवढीच होतीस. तेवढीच!"

फळी हलायला लागली. शेफाली हसत होती, दोर थरथरत होता, आणि पलीकडून भूपेशबाबूंचा दबका आवाज आला, "कोण रे तो गाढव?"

खगेनचा दोन दिवसांचा पगार कापला. दंडक पुन्हा सुरू झाला. दोघं नंतर कधी बोलल्याचं मी पाहिलं नाही.

आठवड्याने खिडकीवर ही गर्दी. रांगेत खगेन उभा, गळ्याला मफलर, पुढच्या माणसाच्या मागे नीट रांग धरून. कंपनीचा माणूस तिकिटाच्या रांगेत! त्याचा नंबर आला.

"काय रे, तुला कशाला तिकीट?"

"तिकीट नको. दीड किलो."

"दीड किलो काय?"

"परत आलं. तीन चकत्या," तो म्हणाला. मागचे लोक ओरडायला लागले. मफलर घट्ट करून तो पडद्यामागे निघून गेला.