स्मारकावर ठेवलेली पत्रिका

कारंजाहून कामरगावकडे जाणाऱ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर मी चौथा होतो. म्हणजे गिअरच्या दोन्ही बाजूंना माझाच एकेक पाय. ड्रायव्हर गिअर टाकायच्या आधी नुसतं "गुडघा" म्हणायचा आणि मी गुडघा बाजूला घ्यायचो. वाशीम जिल्ह्यात माझ्या हातून काही उपयोगाचं काम झालं असेल तर ते एवढंच. पुढे केलं ते सगळं नुकसान.

कामरगावच्या अलीकडे एका फाट्यावर उतरलो. आसपासच्या गावांतून फौजेत गेलेल्या आणि परत न आलेल्या जवानांचं स्मारक तिथे आहे, एवढं ऐकून होतो. रस्त्यापलीकडे फुलावर आलेली तूर. अलीकडे एक हॉटेल, म्हणजे टिनाचं छप्पर, दोन बाकडी आणि कढई. मालक पाणी आणायला गेलेला. मधोमध कमरेएवढा चौथरा, त्यावर काळ्या दगडाची पाटी आणि पाटीवर अकरा नावं. भोवतीच्या साखळीवर कुणाचा तरी पंचा वाळत होता.

फोटो काढायला गेलो तर चौथऱ्यावर पिवळे तांदूळ सांडलेले, एक सुपारी आणि एक लग्नपत्रिका. मला संताप आला. शहरातल्या माणसाला गावात आल्यावर येतो तसला, स्वस्त आणि पटकन. लोकांना हुतात्म्यांची काही किंमतच नाही! पंचा घडी करून बाकड्यावर ठेवला. पत्रिकेची सुपली केली, तांदूळ त्यात ओढले, सुपारीसकट हॉटेलच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. पत्रिकाही वरून टाकली. मग रुमालाने दगड पुसला आणि तीन फोटो काढले. चांगले आले.

हॉटेलवाला कळशी घेऊन परतला. त्याने आलूबोंडा आणि वर रस्सा दिला. रस्सा इतका तिखट की डोळ्यांतून पाणी, पण त्याही अवस्थेत मी त्याला स्वच्छतेवर चार शब्द ऐकवले. स्मारक कसं झाडून काढलं तेही सांगितलं आणि उरलेला रस्सा त्याच डब्यात ओतला.

त्याचा झारा कढईवरच थांबला. "पत्रिका कुठी हाये?"

मी डब्याकडे बोट दाखवलं.

"अरे बापा! काकाजी, काय करून ठेवलं तुमी? वयनी येऊनच राह्यल्या!"

तो डब्यात कोपरापर्यंत हात घालून शोधायला लागला. शोधता शोधता त्याने सांगितलं ते असं: पाटीवरचे चौथ्या ओळीतले नामदेवभाऊ कारगिलात गेले, तेव्हा त्यांची पोट्टी (मुलगी) सहा महिन्यांची होती. आता तिचं लग्न. इथल्या घरांची रीत अशी, की पहिली पत्रिका सकाळी स्मारकावर ठेवायची. दुपारी नवरीने ती आपल्या हाताने उचलायची आणि मगच बाकीच्या वाटायला घ्यायच्या. ती उचलल्याशिवाय कुणाच्या दारात एकही पत्रिका जात नाही.

पत्रिका सापडली. तिला हळद, चहाचा चोथा आणि माझा रस्सा असं सगळं लागलेलं. तेवढ्यात ऑटो थांबला. एक बाई आणि त्यांची मुलगी उतरली. मुलीच्या हातात पत्रिकांचा गठ्ठा होता. बाईंनी आधी रिकामा चौथरा पाहिला, मग हॉटेलवाल्याच्या हातातली पत्रिका, मग मला. कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

"काहून उचलली?" त्यांनी विचारलं.

"मला वाटलं, कचरा..."

"कितीले उचलली?"

"मी आलो तेव्हा... साडेअकरा झाले असतील."

"म्हंजे तासभरच होती. तासाभरात नाई होत त्यायचं. बोट ठेऊ ठेऊ वाचे तो मानूस." त्यांनी पत्रिका पदराने पुसली. पुसल्याने डाग फक्त पसरले. "आता तुमीच वाचून दाखवा."

"मी?"

"मंग? उचलली कोनं?"

मुलगी म्हणाली, "आई, जाऊ दे ना. नवी ठेऊ आपण." पण आईचा हात माझ्यापुढे तसाच राहिला.

मी बूट काढले. पाटीसमोर उभा राहून, बातम्या वाचल्यासारखं, श्रीकृपेपासून सुरुवात केली.

"जोरानं वाचा ना!" बाई म्हणाल्या. "तोफखान्यात होते ते, कमी आयकू ये त्यायले."

हॉटेलवाल्याने गॅस बंद केला. मी ओरडून वाचलं: चि. सौ. कां. ज्योती, मुलाचं नाव, मुहूर्त, स्थळ, जेवण. शेवटी "विनीत" आलं. त्यापुढचं नाव वाचलं आणि समोर बघितलं. चौथ्या ओळीत तेच नाव होतं. दोन्हीकडे नुसतं नाव, आधी काही नाही.

"छापनारा म्हने, वयनी, आंदी 'स्व.' टाकतो," बाई म्हणाल्या. "म्या म्हनलं, दगडावर टाकलं का? मंग इथं काहून?"

काहीतरी बरं बोलावं म्हणून मी म्हणालो, "त्यांना पहिलं निमंत्रण द्यायची रीत चांगली आहे."

"बापाले कोनी निमंत्रन देते का, भाऊ?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "पत्रिका त्यायचीच हाये. वाटाच्या आंदी दाखवून राह्यली मी त्यायले."

ज्योतीने माझ्या हातून ती डागाळलेली पत्रिका घेतली, चौथऱ्यावर टेकवली, क्षणभर दाबून धरली आणि उचलली. आई म्हणाली, "झालं." दोघींचे खांदे एकदमच खाली आले. मग बाईंनी गठ्ठ्यातली वरची कोरी पत्रिका काढून, अक्षता लावून, माझ्या हातात दिली.

"पयली तुमाले. त्यायच्या समोर देल्ली, आता लग्नाले याच लागते."

परतीच्या जीपमध्ये यावेळी खिडकी मिळाली. स्मारकाबद्दल लिहायचं म्हणून वही काढली, तर लक्षात आलं की पाटीवरची उरलेली दहा नावं मी वाचलीच नव्हती. फोटोत बघून उतरवता आली असती, पण ते बरं वाटेना. वही मिटली. ड्रायव्हरची नजर माझ्या हातातल्या पत्रिकेवर होती.

"लगन हाये का? कोनं बोलावलं?"

"पोरीच्या बापानं," मी म्हणालो आणि नाव सांगितलं.

त्याने गिअर बदलला.

"मंग जाच लागते," तो म्हणाला.