पहिली चूक धरणारा माणूस

सांगलीच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात दुरुस्ती करणारा तो गृहस्थ मला एकदाच भेटला. माण तालुक्यातला, सैन्यातून निवृत्त झालेला. नाव मी विचारले नाही.

मी पुण्यात नोकरीला असताना पत्नी गावी, कुंडलला, रेकॉर्डरवर माझ्याशी बोलून ठेवी आणि घरी गेलो की त्याचे मेमरी कार्ड हाती देई. मी ते न ऐकताच खणात टाकत असे. ती गेल्यावर ऐकायला बसलो. पण त्या जुन्या फाइली उघडणारे पायथन या संगणकभाषेचे मॉड्यूल तयार होताना, त्याचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरपाशी अडत होते, म्हणून संगणक घेऊन त्या दुकानात गेलो.

त्याने ते पुन्हा चालवले आणि पडदाभर चुका उमटल्या. मी शेवटची वाचू लागताच त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

"आवं, खालनं काय वाचताय? पहिली चूक धरा. बाकीच्या तिच्या मागनं आल्यात. पायथन चौसष्ट बिटचं आन् लायब्ररी बत्तीसची, जोडणार कशी?"

ते बोलणे मला संगणकापुरते ठेवता आले नाही.

त्याने योग्य लायब्ररी, म्हणजे मॉड्यूलला लागणारा तयार कोड, जोडली. मॉड्यूल तयार झाले. मी हेडफोन लावताच तो उठला.

"ऐका सावकाश. मी भाईर हाय."

"जेवलात का?" पत्नीने विचारले, आणि उत्तरासाठी ती क्षणभर थांबली.

मी "हो" म्हणालो.