रामनाथने बसवलेलं पोट

एडवणमध्ये कुणाची बेंबी सरकली की बोलावणं रामनाथला. बोईसरच्या कारखान्यात तीस वर्षं पाळ्या करून तो निवृत्त झाला, गावी परतला, तरी लोकांना नोकरीपेक्षा त्याची ही विद्याच माहीत. माणसाला उताणं निजवायचं, पायांचे अंगठे जुळवून बघायचे, पोटाला तेल चोळायचं आणि दोन्ही पाय ताठ वर उचलायला लावायचे. आईकडून शिकलेलं. चारदोन जणांना बरं वाटलं आणि गडी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला.

गेल्या दिवाळीनंतर त्याच्या वहिनी, जयवंती, छातीतल्या जळजळीने हैराण झाल्या. जरा वाकलं की आंबट पाणी घशाशी यायचं. मुलगा शैलेश त्यांना पालघरला घेऊन गेला. दुर्बीण घालून तपासल्यावर डॉक्टरांनी हायटस हर्निया सांगितला. म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला जे भोक असतं, त्यातून जठराचा थोडा भाग वर सरकलेला. गोळ्या दिल्या, चालत राहा म्हणाले, पोटावर जोर येईल असं काही करू नका म्हणाले.

शैलेशने हे सगळं काकाला नीट सांगितलं. पण रामनाथच्या कानात शिरला एकच शब्द, सरकलं. सरकलेलं बसवायला तर आपला जन्म!

दादा गेल्यापासून तीन वर्षं तो वहिनींकडे सणावारी तेवढा डोकावायचा. आता रोज संध्याकाळी, शैलेश कामावरून यायच्या आधी, हजर. चहा व्हायचा आणि लगेच वहिनी पडवीत चटईवर आडव्या. दोन्ही पाय वर, श्वास रोखून धरायचा, वीस आकडे. वहिनींचा चेहरा लाल व्हायचा. रामनाथ म्हणायचा, जोर लागतोय म्हणजे गुण येतोय.

सोळाव्या दिवशी गुण आला. रामनाथ घरी जातो न जातो तोच वहिनींना उलटी झाली आणि छातीत अशी कळ आली, की शैलेश दारातूनच त्यांना गाडीत घालून पालघरला घेऊन गेला. हाका ऐकून रामनाथही परत धावला आणि सोबत गेला. हृदय ठीक निघालं. डॉक्टरांनी विचारलं, काही जड उचललंत का? वहिनींनी एकदा रामनाथकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चिकूची करंडी उचलली."

रामनाथ तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिला.

त्या करंडीचं प्रायश्चित्त वहिनींना भोगावं लागलं. शैलेशने घरामागच्या चिकूच्या वाडीच्या फाटकाला कुलूप लावलं, झाडांना पाणी घालायला गडी ठेवला. ज्या बाईचा अर्धा जन्म चिकूखाली गेला, ती ओटीवर बसून फाटकाकडे बघत राहायची. डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं माणूस घरच्यांनी बसवून ठेवलं. रामनाथ रस्त्याने जाताना मान खाली घालायचा. कुणी काही म्हणत नव्हतं, पण खाई त्याला खवखवे. त्याला जेवण जाईना. आपण भित्रे आहोत, हे साठाव्या वर्षी त्याला कळलं.

पंधरा दिवसांनी वहिनींना पुन्हा दाखवायला न्यायचं होतं. रामनाथ न बोलावता गाडीत बसला. डॉक्टरांसमोर शैलेश करंडीचं पुन्हा सांगू लागला, तेव्हा रामनाथ म्हणाला, "करंडी खोटी हाय, साहेब. वहिनींना पाय उचलायला मी लावत होतो. रोज. चहावर."

शैलेशने काकाकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी मात्र रागवायच्या आधी समजावलं. दोन्ही पाय असे उचलले की पोटातला दाब वाढतो आणि जठर आणखी वर ढकललं जातं. श्वास रोखला की तेच, भरल्या पोटी तर विचारूच नका. खाल्ल्यावर दोन-तीन तास जाऊ द्यायचे, मग सपाट जागी बेताने चालायचं. खालचं काही घ्यायचं तर कमरेत न वाकता गुडघ्यात वाकायचं, हलकी वस्तू उचलतानाही श्वास सोडत उचलायची. दुखलं की तिथेच थांबायचं. वाडीत फिरायला मुळीच हरकत नाही.

शैलेश औषधं आणायला गेला. बाहेरच्या बाकावर दोघंच उरली. रामनाथ हात जोडून म्हणाला, "वहिनी, पहिल्याच दिवशी सांगायचं होतं ना, दुखतंय म्हणून."

"दुखत तर पहिल्या दिवसापासून होतं, भावजी," वहिनी म्हणाल्या. "पण त्या निमित्तानं तुमी रोज येत होता. नको म्हटलं असतं, तर तुमचं येणं थांबलं असतं."

 रामनाथच्या घरापासून वहिनींचं घर चाळीस पावलांवर होतं.