शेवळाच्या चित्रातला अंगठा

आमच्या लोणावळ्याच्या घरात भिंतीवर शेवळाच्या रानभाजीचं एक चित्र आहे. वर जांभळट कोंब, खाली जमिनीतला कंद, म्हणजे शेवळाचा कांदा, आणि कांद्यावर एका बाईचा अंगठा. हे गेल्यावर समाचाराला आलेल्या प्रत्येकाने आधी इकडचं तिकडचं बोलून मग हळूच विचारलं, "हा अंगठा कोणाचा?"

बारा वर्षांपूर्वी हे शाळेत चित्रकला शिकवत. पुण्याच्या एका प्राध्यापकांच्या वनस्पतींवरच्या पुस्तकासाठी ह्यांनी शेवळाचं चित्र पाठवलं. ते परत आलं, सोबत एकच ओळ: 'कांद्याशिवाय चित्र अपुरे आहे.' ह्यांचं पुस्तकात छापून येणारं ते पहिलंच चित्र होतं. दोन दिवस ह्यांना आमटीत मीठ नसल्याचंही कळलं नाही.

शेवळं आम्हांला आंदर मावळातल्या डोंगरवाडीची एक मावशी आणून देई. ती कोंब कापून आणी, कांदा जमिनीतच ठेवी.

"मावशी, एकच कांदा द्या," हे म्हणाले.

"आन् फुडल्या साली काय खायाचं मास्तर, तुजं चित्र?"

शेवटी तह झाला. कांदा जागेवरच उकरायचा, बघून कागदावर काढायचा आणि परत पुरायचा. रानात हे पालथे पडले, मी उन्हाची छत्री धरली. मावशीने माती सारली आणि मास्तर कांदा घेऊन पळतील म्हणून त्यावर अंगठा दाबून बसली.

"अंगठा जरा उचला."

"न्हाई. तू काड की! आंगठा काय तुजा हात धरतोय?"

वाटेने जाणारे एक आबा थांबले. "मास्तरांना घेरी आली का काय?"

"न्हाई. कांदा काडत्यात."

"मग खुरपं कुटंय?"

दिसेल तेच काढायचं, हा ह्यांचा नियम. दिसत होता अंगठा. तो काढला, नखाच्या चिरेसकट. निघताना ह्यांनी चोरून कांद्याला बोट लावलं. शेवळाचा कांदा खाजरा असतो. घरी येईपर्यंत हे बोट धोतराला घाशीत होते.

प्राध्यापकांनी कळवलं, 'कांदा उत्तम. अंगठा वनस्पतीचा भाग नाही.' अंगठ्यामागचा कांदा मनाने काढायला हे तयार होईनात. पुन्हा पायपीट. या खेपेला मावशीने कांदा दुसऱ्या बाजूने धरला. दोन्ही चित्रं जुळवून कांदा पुरा झाला आणि पुस्तकात छापला गेला. अंगठ्याचं चित्र मी चौकटीत बसवलं.

तेरावा झाल्यावर मावशी आली. चित्रापुढे जाऊन उभी राहिली.

"माजाच हाय," म्हणाली. मग पदरातली शेवळं तिने माझ्यापुढे ठेवली. "त्याच जागंची हायती. मास्तर असता तर त्याला दावली असती. कांदा जित्ता हाय अजून."

मी ती लगेच शिजवून खाल्ली. शेवळांत काकडाच्या झाडाची आंबट फळं घालावी लागतात, नाहीतर घसा खवखवतो. मी ती घालायला विसरले. संध्याकाळी आलेल्यांना वाटलं, रडून आवाज बसलाय. मी ते तसंच राहू दिलं.