कुत्री कुणाची

शिकार पुरुषाची, मळा बाईचा, आणि कुत्री? तीही बाईचीच. ॲमेझॉनच्या रानातल्या अचुआर माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. पण सुआमारच्या नवऱ्याला, पिंचूला, ऐन वेळी त्याचा विसर पडला.

मकांच ही सुआमारची लाडकी कुत्री. स्वतः कसाव्याचा कंद चावून चावून तिनं तिला भरवलं होतं. मकांच व्याली तेव्हा बाळंतिणीचं पथ्य सुआमारनं पाळलं. रानडुकरांमागे पिंचू भाला घेऊन धावायचा खरा, पण रानात कुत्र्यांना हाकारायची सुआमारच. म्हणून तर घरात मांस शिजायचं.

तर झालं काय, पिंचू तारिरकडे पाहुणा गेला. तारिर हा त्याचा शपथ घेऊन जोडलेला मित्र. कसाव्याची दारू अंमळ जास्त झाली आणि या गड्यानं चार माणसांदेखत मकांच त्याला द्यायचा शब्द देऊन टाकला! बदल्यात बाण फुंकायची नवी नळी खांद्यावर टाकून स्वारी घरी हजर.

सुआमारच्या अंगाचा तिळपापड झाला. पण दिलेला शब्द मोडला की मैत्रीचं वैर व्हायला वेळ लागत नाही, आणि वैरात माणसं मरतात. तिचा सख्खा भाऊ तसाच गेला होता. तिसऱ्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "शब्द तू दिलास. कुत्री मी देणार. तू घरी बस."

मकांचला घेऊन दीड दिवस चालून ती तारिरकडे पोचली. त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ त्याच्या बायकोसमोर, यापानसमोर जाऊन बसली. यापानच्या हातून मकांचला घास भरवला. मग कुत्रं नव्या घरात रमावं म्हणून गायचं गाणं यापानला शिकवलं. असली गाणी बायका सख्ख्या जावेलाही ऐकू देत नाहीत. एखादी ओळ सुआमारला गाळता आली असती. मकांच पळून परत आली असती आणि तारिरनं पिंचूला खोटं ठरवलं असतं. तिनं एकही ओळ गाळली नाही.

तिथल्या मुक्कामाच्या चौथ्या सकाळी ती निघाली. मकांच यापानच्या पायाशी पडली होती. तिनं मान उचलली, शेपूट हलवलं, पण जागची उठली नाही.

हेच तर सुआमारला हवं होतं. नदीपर्यंत ती कशीबशी चालली आणि काठावर बसून पोटभर रडली.